कड्याखालचं नाव

माझे आजोबा ठाणेदार होते, हे मी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. शाळेत ऐकवलं, नोकरीच्या मुलाखतीत ऐकवलं, मुलगी पाहायला गेलो तिथेही ऐकवलं. सुहासिनी, म्हणजे तीच मुलगी, आता माझी बायको, आजही म्हणते की पोहे संपले, चहा झाला, तरी मुलाचे आजोबा काही संपेनात. नुसतं ठाणेदार म्हणून थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण त्यापुढे मेडल यायचं, आणि मेडल निघालं की मला आवरणं कठीण.

नीळकंठराव टेंभेकर त्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात सरकारने त्यांना बसऱ्याला पाठवलं, तीन वर्षं ते तिथे होते आणि परत आल्यावर विलायतेहून मेडल आलं, अशी आमच्या घरातली हकिगत. ते वारले चव्वेचाळीस साली आणि माझा जन्म सत्तेचाळीसचा, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. मेडल मात्र रोज पाहिलं. यवतमाळच्या आमच्या बैठकीत ते काचेच्या चौकटीत लावलेलं असायचं. तांबूस रंगाचं, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि सगळ्या कडेने चांदीचं कडं. दसऱ्याला चौकट उतरवायची, मेडल चिंच लावून घासायचं आणि पाटावर विळी, अडकित्ता आणि माझा पेन यांच्या शेजारी ठेवून पूजा करायची. कारकुनांच्या घरात शस्त्र म्हणावं असं तेवढंच होतं. पूजा झाली की बाबा बसऱ्याची गोष्ट सांगत. बाबांनंतर मी सांगायला लागलो. भाकरी खाल्ली की दातात वाळू यायची. खजुराच्या झाडाखाली बसावं तर सावली नुसती पायापुरती. आणि तिथल्या नदीचं पाणी प्यालं की दोन दिवस पोट धरून बसायचं. ही तीन वाक्यं आमच्या घरात स्तोत्रासारखी पाठ होती.

मी स्वतः कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढली. धूळ, झुरळं आणि लाल फडक्यात बांधलेले बस्ते, यांतच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून हाताला लागलेली एकच विद्या म्हणजे मोडी. जुने कागद मोडीत आणि ते वाचू शकणारे जिल्ह्यात आम्ही चार-पाच जण. दोन हजार पाच साली निवृत्त झालो आणि वाटलं, आता कुत्रं विचारणार नाही. झालं उलटंच. त्या सुमारास मुलांच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी सक्तीची झाली होती, आणि भटक्या जमातींच्या लोकांना एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा कागद मागत. आजोबा-पणजोबाचं नाव, त्यापुढे जात, आणि गाव. ज्यांच्या सात पिढ्या शाळेत गेल्या नाहीत त्यांनी असा कागद आणायचा कुठून? मग कुणीतरी सांगायचं, टेंभेकरसाहेबांकडे जा, ते मोडी वाचतात. लोक यायचे, मी चष्मा लावून वाचून द्यायचो, खाली देवनागरीत लिहून सही करायचो. माझा भाव वधारला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये पुण्याहून पत्र आलं. आमच्या टेंभेकर कुळाचा कुलवृत्तांत निघणार होता. कोकणातून निघालेलं घराणं कुठे कुठे पसरलं, कोण मामलेदार झालं, कोण वकील झालं, असा जाडजूड ग्रंथ. संपादकांनी लिहिलं होतं, 'आपल्या शाखेतील कै. नीळकंठराव यांच्या कामगिरीविषयी पुराव्यासह चार पाने द्यावीत, मेडलचे छायाचित्र जोडावे, ऑगस्टअखेर पाठवावे.' पुराव्यासह! तीस वर्षं पुराव्यांवर बसलेल्या माणसाला ते लिहीत होते. मी दुसऱ्याच दिवशी आजोबांच्या सेवापुस्तकाच्या नकलेसाठी अर्ज टाकला.

त्याच आठवड्यात बाबुलाल आला. केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या पुढे बोथली तांडा आहे, तिथला हा बाबुलाल राठोड. पंचेचाळीसच्या आसपासचा, ड्रायव्हरसारखे लाल डोळे. आधी जिनिंगच्या ट्रकवर होता. पण त्या वर्षांत कापसाचं सगळं बिघडलेलं, अर्ध्या जिनिंगची दारं बंद, जिल्ह्याचं नाव रोज पेपरात आणि रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्यांचे ताफे. तेव्हा हा वणीच्या कोळशाच्या ट्रकवर लागला होता. सोबत मुलगी होती, संगीता. तिचा नागपूरला डॉक्टरकीला नंबर लागला होता. तांड्यातून पहिलाच. बाबुलालने तिची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीतून अशी काढली, जसं कुणी प्रसाद काढावा.

"साहेब, एकतीस ऑगस्टलोक कागद पाह्यजे म्हणतात," तो म्हणाला. "नाही तं सीट जाते. मी सत्तर साली शाळेत गेलो, तो दाखला चालत नाही. बाप शाळेत गेलाच नाही. बुढ्याचं, माह्या आज्याचं नाव लालसिंग. लालसिंग हरजी."

"लालसिंग हरजीचा काही कागद? शेताचा, कोतवालाचा, काहीही?"

त्याने एकदा मुलीकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "तो चोरीत जेलात गेलता म्हणे, साहेब. तांड्यात कोनी त्याचं नाव काढत नाही. माह्या बापाची सोयरिक दोनदा मोडली त्याच्यापायी. आजबी कुठं पाण्याची मोटर चोरी गेली का पोलिसाची गाडी आधी आमच्याच घरासमोर येते. पण जेलात गेलता म्हटल्यावर सरकारी कागद असनच ना?"

मला हसू आलं. माणूस हुशार होता. मी म्हटलं, असेल तर मी काढीन. आणि मग, काय सांगू, माझा स्वभाव. चहा येईपर्यंत मी त्यांना चौकटीतलं मेडल दाखवलं आणि बसऱ्याची गोष्ट सांगितली. वाळू, खजूर, नदी, सगळी. बाबुलालने उठून मेडलला हात जोडले. "मोठ्या मानसाचं घर हाय," तो मुलीला म्हणाला, "पाया पड." ती पडली. माझ्याही पडली.

छायाचित्र काढण्याआधी मेडल उजळून आणावं म्हणून मी ते आमच्या फुलचंद सोनाराकडे नेलं. तो कापडाने पुसता पुसता थांबला.

"काका, हे कडं मेडलचं नव्हे," तो म्हणाला. "कोनं तरी मागून बसवलं हाय. पाहा, सुटून राह्यलं. खाली अक्षरं हायेत."

मी भिंग मागून घेतलं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. आधी एक नंबर, मग कुली, मग लाल सिंग, मग लेबर कोअर.

मी ते दोनदा वाचलं. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची अक्षरं लावली, त्याला ही एवढीशी ओळ लागायला वेळ नको होता. तरी मी मनाला समजावलं, की लालसिंग नावाचे पन्नास असतील. मेडलांची अदलाबदल झाली असेल. सैन्यात काय गोंधळ कमी असतात? आणि मी फुलचंदला म्हटलं, "कडं होतं तसं बसवून दे." त्याने माझ्याकडे पाहिलं, पण गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचा नाही हे सोनाराला कळतं. त्याने ते नुसतं दाबून बसवलं. मी घरी येऊन चौकट भिंतीवर टांगली आणि सुहासिनीला काही बोललो नाही.

सेवापुस्तक जुलैअखेर मिळालं. आजोबांची बावीस वर्षांची नोकरी, सगळी वणी, केळापूर, दारव्हा यांत. बसरा कुठेच नाही. रजेतसुद्धा नाही. नाशिकला एकदा काय ते गेले होते, आईच्या अस्थी घेऊन. एकोणीसशे सतराच्या रकान्यात मात्र शाबासकी होती, की केळापूर तालुक्यातून लढाईच्या मजुरीसाठी दोनशे चौदा माणसं भरती करून दिली, बक्षीस रुपये दहा. म्हणजे आजोबा बसऱ्याला गेले नव्हते. त्यांनी लोकांना पाठवलं होतं.

एवढ्यावर मी थांबलो असतो, आणि आमच्या घरातली गोष्ट जरा फुगवलेली होती असं म्हणून हसलोही असतो. पण बाबुलालसाठी केळापूरचे जुने फौजदारी निकाल बघायचे मी कबूल केलं होतं. रेकॉर्ड रूममधली मुलं माझ्याच हाताखाली शिकलेली, त्यांनी बस्ते काढून दिले. बावीस सालच्या बस्त्यात मला तो निकाल सापडला. मी जागेवरच रीतसर नक्कल मागितली, आणि चार ऑगस्टला ती माझ्या हातात आली.

तो कागद मी घरी दार लावून वाचला. सुरुवातीलाच होतं, 'आरोपी लालसिंग वल्द हरजी, जात बंजारी, उमर अजमासे तीस, राहणार बोथली तांडा, तालुका केळापूर.' बाबुलालच्या मुलीला हवं होतं ते सगळं एका ओळीत. नाव, बापाचं नाव, जात, गाव. त्याच्या खाली फिर्यादीचं नाव होतं, 'ठाणेदार नीळकंठ टेंभेकर.'

त्या काळी तांड्यातल्या पुरुषांना दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी लागे. रांगेने उकिडवं बसायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा. निकालात लिहिलं होतं की आरोपी छातीवर बादशाही मेडल लावून हजेरीस आला आणि रांगेत बसण्यास त्याने ना म्हटलं. सबब झडती घेतली आणि मेडल चोरीचं समजून जप्त केलं.

मग आरोपीचा जबाब. तो मी इथे आहे तसा देतो, कारण माझ्या शब्दांवर आता माझाच भरवसा नाही. 'बिल्ला माझा आहे. तीन साल बसऱ्यास होतो. सडकेस माती घातली, आगबोटीचे ओझे उतरले. भाकर खावी तो दातांत वाळू येई. खजुराचे झाडास सावली नाही, पायापुरती आहे. नदीचे पाण्याने दोन दोन दिवस पोट धरून बसलो. बिल्ला सरकारने टपालाने धाडला. कडेस माझे नाव आहे असे पोस्टवाल्याने वाचून सांगितले. ठाणेदारसाहेबांनीच मला पाटणबोरीचे बाजारात भरती केले. त्यांस विचारावे.'

आणि त्यांना विचारलं होतं. शपथेवर. माझ्या आजोबांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'या इसमास मी ओळखत नाही. मेडलाची कड तपासली, कडेस चांदीचे कडे असून अक्षर काही नाही.'

मॅजिस्ट्रेटने आरोपीचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं नाही असं लिहून सहा महिने सक्तमजुरी दिली.

मी पलंगावर बसून राहिलो. कडं कधी बसवलं आणि कशासाठी बसवलं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. मेडल नेलं ते नेलंच, पण त्या माणसाची वाळूसुद्धा सोडली नव्हती. भर कोर्टात उभा राहून त्याने जिवाच्या आकांताने जे सांगितलं, ते माझ्या आजोबांनी ऐकून ठेवलं, घरी येऊन स्वतःचं म्हणून सांगितलं, आणि आम्ही तीन पिढ्या आपट्याची पानं वाटता वाटता तेच घोकलं. मी तर ते त्याच्या नातवालाच ऐकवलं होतं. वर पणतीला पाया पडायला लावलं. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. घरात कुणी नव्हतं, तरी मी तोंड भिंतीकडे केलं.

आता कुणीही म्हणेल, लाज वाटली ना, मग कागद उचलायचा आणि बोथलीला जायचं. दीड-दोन तासांची एस.टी. मीही तेच म्हटलं. उद्या जाऊ, म्हटलं. नक्कल मी कपाटात जुन्या पंचांगांच्या खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, दुसरा एखादा कागद सापडतो का पाहू, ज्यात लालसिंगाचं नाव असेल पण आमचं नसेल. तांड्याची एखादी गणती, जंगलखात्याची एखादी पावती. चार दिवस मी वेड्यासारखे बस्ते उलथले. काही मिळालं नाही. दहा तारखेला कुलवृत्तांताचा लेख पुण्याला टाकला, कडं नीट दिसेल अशा छायाचित्रासकट. तो मी नंतर मागे घेतला, पण त्या दिवशी पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकताना मी क्षणभरही अडखळलो नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मधल्या काळात बाबुलालचे दोन फोन आले. पहिल्यांदा मी म्हटलं, शोधतोय. दुसऱ्यांदा म्हटलं, अजून काही हाती लागलं नाही.

"काही घाई नाही साहेब," तो म्हणाला. घाई नाही! एकतीस तारीख त्याला तोंडपाठ होती, मला तोंडपाठ होती, आणि माझ्या त्रासाची काळजी म्हणून तो घाई नाही म्हणत होता. एकदा वणीहून परतताना स्वतः येऊन तो बरबटीच्या शेंगा आणि वांगी देऊन गेला. सुहासिनीने भाजी केली. मी पोट बिघडलंय म्हणून जेवलो नाही.

तिच्यापासून किती दिवस लपणार? एकवीस तारखेच्या सकाळी पंचांग काढताना तिच्या हातात माझी वही आली. तीत मी निकाल देवनागरीत उतरवून ठेवला होता. ती ओट्याशी उभी राहून पूर्ण वाचत होती आणि मी पेपर धरून बसलो होतो. तिने वही माझ्यासमोर ठेवली. "कधी देणार आहात त्यांना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "पूर्ण द्यायची काय गरज? पडताळणीला जातीची ओळ लागते. तेवढा उतारा देतो." ती ओट्याकडे वळली. ती बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

मी त्या दिवशी उतारा तयार केला. तीन ओळी. आरोपीचं नाव, जात, गाव, निकालाचं साल. खाली सही. नियमात अगदी चोख बसणारा उतारा होता. खोटा एक शब्द नव्हता. कारकुनाला कसं लपवावं हे शिकवावं लागत नाही, तीस वर्षांत ते बोटांत उतरतं.

तेवीस तारखेला सकाळीच बापलेक आले. कागद सापडल्याचा निरोप मी दिला होता. त्याच दिवशी अमरावतीला जाऊन दुसऱ्या दिवशी त्यांना पडताळणीच्या समितीकडे कागद द्यायचा होता. मी मूळ मोडीची नक्कल आणि त्यावर टाचलेला तीन ओळींचा उतारा बाबुलालच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि मुलीकडे सरकवला. ती हळूहळू वाचत गेली. "लालसिंग वल्द हरजी, जात बंजारी," तिने मोठ्याने वाचलं आणि बाबुलालचे डोळे भरून आले. मग ती थांबली.

"आरोपी लिहिलंय," ती म्हणाली.

"म्हनलं होतं ना तुले," बाबुलाल घाईघाईने म्हणाला. "चोर तं चोर. जात लिवली हाय ना? बुढा जिता असताना कोनाच्या कामी नाही आला, आता मेल्यावर तुह्या कामी आला." आणि मला काही कळायच्या आत त्याने वाकून माझे पाय धरले. "साहेब, तुमचे उपकार लई झाले."

त्याच्या टाळूवरचे पांढरे केस मला दिसत होते. मी पाय मागे घेतले नाहीत. का घेतले नाहीत, ते आजही मला सांगता येत नाही.

"अहो," सुहासिनी आतल्या दारातून म्हणाली. "पूर्ण वाचून दाखवा त्यांना."

तिच्या आवाजात राग नव्हता. पण आता ते माझ्या हाती राहिलं नाही, हे मला समजलं. मी संगीताकडून नक्कल घेतली, चष्मा लावला आणि वाचायला लागलो. आधी हजेरी. मग मेडल. ठाणेदाराचं नाव आलं तेव्हा संगीताने मान वर केली. माझ्या दारावरची पाटी तिने वाचलेली होती. मी वाचत राहिलो. वाळू आली, खजूर आला, नदी आली. बाबुलालने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं आणि मग तिथून नजर हलवलीच नाही. 'त्यांस विचारावे' इथे मी चष्मा काढून पुसला. उरलेल्या दोन ओळी मी कशाबशा वाचल्या.

मग मी उठलो, चौकट उतरवली, मागची पाटी उचकटली आणि मेडल काढलं. फुलचंदने सैल बसवलेलं कडं अंगठ्याने सरकलं. "हे त्यांचं नाव," मी संगीताला दाखवलं. "चोरी त्यांनी केली नव्हती. चोरी आमच्याकडून झाली."

बाबुलालने मेडल तळहातावर घेतलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो बोटाने कड चाचपत होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. त्याने कडं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमचं हाय. ठेवा." मेडल त्याने शर्टाच्या खिशात टाकलं, लायसनच्या पाकिटाला लागून. "माहा बाप जिंदगीभर मान खाली घालून राह्यला साहेब," तो म्हणाला. "लग्नात बसला तरी कोपऱ्यात बसे. आमाले वाटे त्याचा सोभावच तसा हाय."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"तुमी काय केलं," तो म्हणाला. आणि मग सहज, गाडी कुठवर आली असं विचारावं तसं त्याने विचारलं, "तुमाले कवा कळलं हे?"

खरं बोलायला तीन शब्द पुरत होते. सुहासिनी दारातच उभी होती. मी म्हणालो, "काल. कालच लागला हा कागद."

बाबुलालने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला होता. माझ्यावर न बसायला त्याला काही कारणच नव्हतं.

संगीताने नक्कल पुन्हा हातात घेतली होती आणि ती उलटून मागची बाजू बघत होती. मागे कचेरीचा शिक्का असतो. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. तीस वर्षं हा शिक्का मी स्वतःच्या हाताने मारला, हजारो कागदांवर मारला, आणि तो कागदावर असतो हे मी विसरलो होतो. बाकी सगळं मोडीत होतं. शिक्का देवनागरीत होता.

"नक्कल दिल्याची तारीख, चार ऑगस्ट," तिने वाचलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजणं सोडून दिलं आणि कागद पिशवीत घातला. "बा, चाल," ती म्हणाली. "अमरावतीची गाडी भेटन." वहीतली पूर्ण प्रत सही करून सुहासिनीने तिच्या हातात दिली. सही माझीच होती, तिने फक्त पेन माझ्या हातात खुपसला. ती दोघं फाटकापाशी चपला घालत होती तेव्हा मी बैठकीतच उभा होतो. निरोप द्यायला दारापर्यंत जायचं धाडस झालं नाही.

बाबुलालचा फोन सप्टेंबरात आला, दहा तारखेला.

"साहेब, कागद मंजूर झाला. नऊ तारखेले भेटला," तो म्हणाला. "पन यादी एकतीसलेच बंद झालती. पोरीची सीट दुसऱ्याले गेली. तुमाले सांगाव म्हटलं, तुमी मेहनत घेतली व्हती."

यात टोमणा होता की नव्हता, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. चोवीस ऑगस्टला दिलेला कागद नऊ सप्टेंबरला मंजूर झाला, म्हणजे सोळा दिवस. पाच ऑगस्टला दिला असता तर एकवीसला मिळाला असता. एकवीसला, म्हणजे ज्या दिवशी मी खुर्चीत बसून तीन ओळींचा उतारा बेतत होतो त्या दिवशी. मी म्हणालो, "पुन्हा परीक्षा द्यायला सांगा तिला. पुस्तकं, फी, सगळं मी बघतो. मी बोलू का तिच्याशी?"

मागे ट्रकचं इंजिन चालू होतं.

"मी म्हनलं तिले," तो म्हणाला. "म्हनलं, साहेबाच्या आजोबाचा राग साहेबावर काहून काढतं. तं म्हणते, आजोबाचा राग नाही, ते तं मेले. साहेब तं जिते हायेत."

तो उत्तरासाठी थांबला नाही. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, "येतो, येतो" म्हणून तो ओरडला आणि मला म्हणाला, "ठेवतो साहेब, गाड्यांची लाइन सुरू झाली."